चाळीसगाव ते गंगाबल: काश्मीरच्या सरोवरांची वाट चालताना

मी चाळीसगावच्या एका माध्यमिक शाळेत गेली चोवीस वर्षे भूगोल शिकवते. हिमनदीचे कार्य हा पाठ आला की हिमगव्हर, लोंबती दरी, हिमोढ हे शब्द फळ्यावर लिहायचे, शेजारी आकृती काढायची आणि समोर बसलेल्या मुलांना बर्फाने कोरलेला खडक डोळ्यांसमोर आणायला सांगायचे, हे मी वर्षानुवर्षे केले. आमचे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवर आहे आणि मे महिन्यात येथे पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. मुलांनी तर सोडाच, मी स्वतःही त्यातले काही पाहिलेले नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मी आणि माझी धाकटी नणंद काश्मीरमधील सरोवरांचा, म्हणजे ज्याला काश्मीर ग्रेट लेक्स म्हणतात तो ट्रेक पूर्ण करून आलो. तयारी करताना पन्नाशीतल्या, सपाट प्रदेशातल्या, नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला उपयोगी पडेल असे फारच थोडे वाचायला मिळाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मार्ग थोडक्यात असा आहे. सोनमर्गजवळ चालायला सुरुवात होते आणि विशनसर, किशनसर, गडसर, सतसर, गंगाबल व नुंदकोल ही सरोवरे पाहत नारानाग गावी उतरायचे असते. अंतर सुमारे ७० ते ७५ किलोमीटर भरते. वाटेत तीन खिंडी लागतात, निचनई, गडसर आणि झच. त्यांतील गडसर खिंड सर्वांत उंच, साधारण ४,२०० मीटरवर आहे. साधारण जुलैपासून सप्टेंबरपर्यंतच ही वाट चालता येते. एरवी खिंडी बर्फाखाली असतात.

नोंदणी आम्ही २० जानेवारीला केली. शुल्क १६,५०० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, असे प्रत्येकी १७,३२५ रुपये भरले. तुकड्या १० ऑगस्टपासून पुढे उपलब्ध होत्या, पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी खानदेशची देवी कानबाई बसतात आणि त्या सोडून जाणे शक्य नव्हते. २०२४ मध्ये तो रविवार ११ ऑगस्टला आला आणि २ सप्टेंबरला पोळा होता. या दोन सणांच्या मधले तीन आठवडे हाती होते. त्यात प्रवासाचे दिवस बसवून आम्ही २० ते २७ ऑगस्ट ही तुकडी घेतली.

पहिली खरी अडचण रजेची होती. शाळेचे सत्र चालू असताना पंधरा दिवस जायचे म्हणजे किरकोळ रजा पुरत नाही. अर्धवेतनी रजा खाजगी कारणासाठीही घेता येते हे अनेक सहकाऱ्यांना माहीत नसते, ते येथे नोंदवून ठेवते. मी एप्रिलमध्ये अर्ज दिला, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर चौकशी केली तेव्हा तो अर्ज आवक नोंदवहीत कोठेच नव्हता. मी पोच घेतलेली नव्हती. नव्याने अर्ज केला, या वेळी दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि दिनांक टाकून घेतला, माझ्या तासिका कोण घेणार याचे लेखी संमतीपत्र जोडले आणि घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका आधीच काढून दिल्या. मंजुरी २६ जुलैला हातात पडली. तोपर्यंतचे दोन महिने, पैसे भरून झालेले आणि जाता येईल की नाही याची खात्री नाही, अशा अवस्थेत गेले. रजेचा कागद आधी हलवा आणि त्याची पोच जपून ठेवा, एवढे मी नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला सांगेन.

वैद्यकीय प्रमाणपत्राचेही असेच झाले. आयोजकांच्या छापील नमुन्यात रक्तदाब, नाडी, वजन, उंची आणि पूर्वीचे आजार भरून एमबीबीएस डॉक्टरांची सही व शिक्का घ्यायचा असतो. माझा पहिला फॉर्म परत आला, कारण शिक्क्यात नोंदणी क्रमांक नव्हता. त्याच वेळी मी हृदयाची टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करायची) तपासणी आणि रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. त्यांना २,३०० रुपये लागले. त्या सक्तीच्या नव्हत्या, पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाने त्या कराव्यात असे माझ्या नणंदेचे स्पष्ट मत होते. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. उंचीच्या त्रासावर प्रतिबंधक म्हणून डायमॉक्स ही गोळी दिली जाते. ती सल्फा गटाच्या जवळची असते आणि मला लहानपणी सल्फाच्या औषधाची तीव्र ॲलर्जी आली होती, म्हणून डॉक्टरांनी मला ती घेऊ दिली नाही. नणंदेला दिली. दुसऱ्याचे पाहून ही गोळी कोणी परस्पर घेऊ नये.

सराव फेब्रुवारीत सुरू केला. आमच्याकडे मार्चपासून सकाळी आठनंतर बाहेर चालणे कठीण होते, म्हणून पहाटे पाचला मैदानावर जायचे, प्रथम चार किलोमीटर, मग सहा, असे करत मेअखेरीस दहा किलोमीटर नव्वद मिनिटांत चालण्यापर्यंत आलो. रविवारी पाटणादेवीला जाऊन कन्हेरगड चढायचा. पाठीवरच्या पिशवीत पाच-सहा किलो तूरडाळ भरून शाळेच्या तीन मजल्यांचा जिना वीस वेळा चढायचा आणि विशेष म्हणजे वीस वेळा उतरायचा. जूनमध्ये तोरणमाळला दोन दिवस राहिलो आणि यशवंत तलावाभोवती, सीताखाईच्या बाजूला भरपूर चाललो. जुलैच्या पावसात साल्हेर केला, तो १,५६७ मीटर उंच, म्हणजे आमच्या आवाक्यातला सर्वांत उंच डोंगर. या सरावाने पाय आणि दम तयार झाला, यात शंका नाही. पण विरळ हवेचा सराव महाराष्ट्रात कोठेच होत नाही. हे मी तेव्हा वाचले होते, पण त्याचा अर्थ मला विशनसरला पोहोचल्यावरच कळला.

रेल्वेचे आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी उघडत असे (१ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे). पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस आमच्या बाजूने मध्यरात्रीच्या सुमारास जाते, म्हणून तिकिटाची तारीख काळजीपूर्वक पाहावी लागते. घरातून निघायचे १६ ऑगस्टच्या रात्री, पण तिकीट १७ तारखेचे. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिमकार्ड चालत नाही, हे कळल्यावर जुलैमध्येच मी क्रमांक पोस्टपेड करून घेतला. सोनमर्ग सोडल्यावर तसेही कोणतेच नेटवर्क मिळत नाही, आणि घरच्यांना ही गोष्ट आधी नीट समजावून सांगितली पाहिजे, नाहीतर सहा दिवस त्यांचा जीव टांगणीला लागतो.

निघताना सासूबाईंनी कानबाईच्या रोटांचा उरलेला प्रसाद पुडीत बांधून दिला आणि म्हणाल्या, “जपीसन जाजो, पोयाना पहिले घर येजो.” (जपून जा, पोळ्याच्या आधी घरी ये.) बरोबर दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ होता. दशम्या जम्मूपर्यंत टिकल्या. चटणी मात्र ट्रेकच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरली, आणि उंचीवर तोंडाची चव गेली तेव्हा तिचा खरोखर आधार झाला.

१८ ऑगस्टच्या सकाळी जम्मूला उतरलो. तेथून श्रीनगरसाठी सामायिक गाडीत प्रत्येकी १,२०० रुपये दिले. रामबनच्या पट्ट्यात दरडी आणि रस्त्याच्या कामांमुळे गाड्या तासन्‌तास थांबतात. आम्हाला पोहोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. म्हणून श्रीनगरला एक पूर्ण दिवस हातचा ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. १९ तारीख राखीपौर्णिमेची होती. त्या दिवशी आम्ही दल सरोवराच्या काठाने हळूहळू फिरलो, भरपूर पाणी प्यायलो आणि लवकर झोपलो. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास आहे. शरीराला पहिली पायरी तेथेच मिळते.

२० ऑगस्टला सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून सोनमर्गजवळच्या शिटकडीच्या तळावर आलो. सिंध नदी अगदी शेजारून वाहते. ही काश्मीरची सिंध, झेलमला मिळणारी, मोठी सिंधू नव्हे, हे मी आमच्या तुकडीतल्या दोघांना सांगितले, कारण तो गोंधळ माझ्या विद्यार्थ्यांचाही नेहमी होतो. तळावर कागदपत्रे तपासली. मूळ आधार कार्ड, त्याच्या दोन छायाप्रती, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि जोखीम मान्य असल्याचे स्वाक्षरी केलेले पत्र. पुढे लष्कराच्या चौक्यांवर मूळ ओळखपत्रच पाहतात, मोबाइलमधले चित्र चालत नाही. मोठी बॅग खेचरावर द्यायची की नाही हे येथेच ठरवायचे असते. आम्ही प्रत्येकी २,५०० रुपये भरून ती दिली आणि या निर्णयाचा मला कधीही पश्चात्ताप झाला नाही. रात्री प्रत्येकाची नाडी आणि रक्तातील ऑक्सिजन मोजून वहीत लिहिला. माझा ९५ टक्के होता.

२१ ऑगस्टला चालणे सुरू झाले. पहिले दोन तास कुरणातून सरळ चढ आहे, शेकदूरच्या पठारावर चहाचे दुकान लागते, आणि तेथून पुढे भूर्जवृक्षांच्या रानातून वाट निचनई नाल्याकडे उतरते. भूर्जपत्र हा शब्द आपण पोथ्यांच्या संदर्भात ऐकतो. त्या झाडाची साल खरोखर कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते हे मी हाताने पाहिले. नाल्याच्या काठचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर मोठमोठ्या दगडांवरून आहेत आणि तेथे काठी उपयोगी पडते. एक काठी पुरेल असे मला वाटले होते. दोन घ्याव्यात.

आमचा वाटाड्या सोनमर्गच्या बाजूचा, चाळिशीतला गृहस्थ होता. तो सर्वांच्या पुढे इतक्या संथ चालत असे की पहिल्या दिवशी तुकडीतल्या तरुणांना ते असह्य झाले. पुण्याचा एक मुलगा, वय तिशीच्या आत, दरवर्षी मॅरेथॉन धावणारा, वारंवार त्याच्या पुढे निघून जाई आणि वाटाड्या मागून हाक मारी, “आहिस्ता, भाई, आहिस्ता.” मी मात्र त्याच्या बुटांच्या टाचांवर नजर ठेवून त्याच गतीने चालत राहिले.

२२ ऑगस्टला निचनई खिंड ओलांडली. ती साधारण ४,००० मीटरवर आहे. खिंडीत वारा इतका होता की पाच मिनिटांवर कोणी थांबले नाही. दुपारी उतारावर गारांचा पाऊस लागला. पोंचो, म्हणजे पावसात अंगावर घ्यायचा डगला, खेचरावरच्या बॅगेत ठेवण्याची चूक तिघांनी केली आणि ते भिजले. विशनसरच्या तळावर, सुमारे ३,७०० मीटरवर, आम्ही चारला पोहोचलो. सरोवर तळापासून एका उंचवट्यापलीकडे आहे. सगळे लगेच पाहायला गेले. मी गेले नाही, कारण माझे डोके दुखू लागले होते.

प्रथम कपाळावर जडपणा, मग मानेपासून ठणका. मळमळत होते, जेवणाचा वास नको झाला होता आणि तंबूत वाकून बूट काढले तरी धाप लागत होती. मला त्याचा अर्थ माहीत होता. सहा महिने मी तेच वाचत होते. तरीही मी कोणाला काही सांगितले नाही. सांगितले तर येथूनच परत पाठवतील, रजा, पैसे, सगळ्यांची तयारी वाया जाईल, आणि चाळीसगावला गेल्यावर “जमले नाही” असे सांगावे लागेल, हे सगळे विचार एकदम मनात आले. संध्याकाळी ऑक्सिजन मोजायला बोलावले तेव्हा मी झोपल्याचे दाखवले. नणंद परत आली, तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, “वहिनी, रुग्णालयात असे लपवणारे पेशंट मी रोज पाहते. तुम्ही सांगता की मी सांगू?”

आमच्या तुकडीप्रमुखाने मोजले. ऑक्सिजन ७९, नाडी ११४. त्याने आवाज चढवला नाही. मला आतल्या तंबूत बसवले, आडवे होऊ दिले नाही, लसणाचे गरम सूप घोटघोट प्यायला लावले, डोकेदुखीची साधी गोळी दिली आणि सरळ रेषेवर टाचेला बोट लावून दहा पावले चालायला सांगितले. तोल जात असेल तर मेंदूला सूज येऊ लागल्याची शंका असते आणि मग रात्र असली तरी खाली उतरावे लागते. माझा तोल ठीक होता. मग त्याने समजावले. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी मिळतो. शरीर त्याची भरपाई शिकते, पण तिला दोन-तीन दिवस लागतात, आणि ती भरपाई वयावर किंवा तब्येतीच्या ताकदीवर अवलंबून नसते. डोके दुखत असताना आणखी उंचावर झोपायला जायचे नाही, हा एकच नियम मोडायचा नाही. उद्या येथे विश्रांतीचा दिवस आहे. सकाळी आकडे सुधारले तर पुढे, नाहीतर एक सहायक आणि घोडा देऊन सोनमर्गला. “छुपाना मत, दीदी,” एवढेच तो शेवटी म्हणाला.

ती रात्र मी अर्धवट बसून काढली. पहाटे तीनच्या सुमारास डोक्यातला ठणका थोडा उतरला. सकाळी ऑक्सिजन ८५ आला, दुपारी ८८. मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

त्याच सकाळी पुण्याच्या त्या मुलाला मात्र खाली पाठवावे लागले. त्याला रात्री दोनदा उलटी झाली होती, ऑक्सिजन ७४ होता, आणि त्यानेही आदल्या दिवशीपासून डोकेदुखी कोणाला सांगितली नव्हती. तो घोड्यावर बसून निचनईकडे निघाला तेव्हा सगळी तुकडी उभी होती. आमच्यातला सर्वांत सशक्त तोच होता. सोनमर्गला उतरताच त्याला बरे वाटले, असे नंतर कळले. मी पन्नाशीची असून पुढे जाते आहे आणि तो परत जातो आहे, यात माझे काही कर्तृत्व नव्हते. शरीराने दिलेला इशारा मी एक रात्र आधी, तोही नणंदेने भाग पाडल्यावर, सांगितला, एवढाच फरक होता.

विश्रांतीच्या दिवशी दुपारी मी विशनसर पाहिले. तीन बाजूंनी उभे कडे, मागच्या भिंतीवर बर्फाचे पट्टे, आणि चौथ्या बाजूला एक सखल उंबरठा, ज्यावरून पाणी बाहेर पडते. ते हिमगव्हर होते. मी चोवीस वर्षे काढत आलेली आकृती तंतोतंत समोर होती. हिमनदीने आरामखुर्चीसारखा खड्डा कोरला, ती वितळली आणि खड्ड्यात पाणी साठले. वरच्या अंगाला किशनसर, साधारण शंभर मीटर उंच, आणि तेथले पाणी ओढ्याने विशनसरमध्ये येते. विशनसरमधून निघणारे पाणी पुढे किशनगंगेला मिळते. ती नदी नियंत्रण रेषा ओलांडून मुझफ्फराबादजवळ झेलमला जाते. तळ्यात ट्राउट मासे आहेत. काठावरून त्यांच्या सावल्या तळाच्या दगडांवर हलताना दिसतात, इतके पाणी स्वच्छ आहे. मी बराच वेळ पाण्यात हात घालून बसले. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार यावर घरातली कामे ठरतात, गिरणेच्या आवर्तनाची बातमी पहिल्या पानावर छापून येते. अशा गावातून येऊन एवढे पाणी नुसते साठलेले पाहताना मनात काय होते, ते खानदेशच्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही.

२४ ऑगस्टचा दिवस सर्वांत कठीण. पहाटे सहाला निघालो, किशनसरच्या काठाने वळून गडसर खिंडीचा चढ सुरू झाला. ही पाऊलवाट डोंगराच्या कुशीत तिरपी कोरलेली आहे आणि उजवीकडे सरळ उतार आहे. मी वीस पावले चालायची आणि तीन श्वास थांबायची. ही मोजणी वाटाड्याने शिकवली आणि मी ती शेवटपर्यंत मोडली नाही. श्वास नाकाने घ्यायचा, तोंडाने सावकाश सोडायचा, थांबायचे ते उभ्यानेच, बसायचे नाही. बसले की पुन्हा उठताना दम जातो. खिंडीत पोहोचायला मला साडेतीन तास लागले आणि मी शेवटून दुसरी होते. वरून मागे वळून पाहिले तर विशनसर आणि किशनसर दोन्ही एकाच वेळी दिसत होती, एक गडद निळे, दुसरे हिरवट, आणि मधला ओढा दोऱ्यासारखा. माझा ऑक्सिजन त्या ठिकाणी ८२ होता, पण डोके दुखत नव्हते. आकड्यापेक्षा लक्षणांकडे पाहायचे, असे नणंदेने तेथे पुन्हा बजावले.

खिंडीत आम्हाला बकरवालांचा एक काफिला भेटला. मेंढ्या, बकऱ्या, दोन घोडे, घोड्यावर बांधलेल्या गोधड्यांत झोपलेले मूल, आणि पुढे रबरी बुटांत सहज चढणारी एक म्हातारी. उन्हाळ्यात ते राजौरी-पूंछच्या बाजूने या कुरणांत येतात आणि थंडी पडण्यापूर्वी खाली उतरतात. मला साक्रीकडचे ठेलारी आठवले, दिवाळीच्या सुमारास मेंढ्या, घोडी आणि कोंबड्यांसह आमच्या शेतांत वाडा बसवणारे. खिंडीची उंची वेगळी, पण घोड्यावर संसार बांधण्याची रीत अगदी सारखी आहे.

गडसरचा उतार घसरडा आहे आणि तेथे गुडघ्यांची परीक्षा होते. जिने उतरण्याचा सराव कामी आला तो येथे. उतार संपताच फुलांचे कुरण लागते, निळी, पिवळी, जांभळी फुले घोट्यापर्यंत, आणि मग गडसरचे सरोवर. स्थानिक लोक त्याला यमसरही म्हणतात आणि त्याच्या काठी रात्र काढत नाहीत. तळ पुढे तासाभरावर, लष्कराच्या चौकीजवळ आहे. तेथे जवानांनी यादी आणि आधार कार्डे ताडून पाहिली, बॅगा तपासल्या. चौकीच्या दिशेने कॅमेरा काढायचा नसतो. हे काम पाऊण तास चालते, घामाने भिजलेले अंग तोवर गार होते, म्हणून जाकीट हाताशी ठेवावे.

२५ तारखेचा सतसरपर्यंतचा दिवस तुलनेने सोपा होता. नावाप्रमाणे तेथे सात लहान सरोवरे असतात, पण ऑगस्टअखेर त्यांतली काही आटलेली होती. येथेही ओळखपत्रे तपासली जातात. या दिवसाबद्दल एकच गोष्ट सांगते, विशेषतः बायकांसाठी. तळावर खड्डा खणून तंबूतली स्वच्छतागृहे असतात, पण वाटेत आडोसा क्वचित मिळतो, आणि त्या भीतीने अनेकजणी पाणी कमी पितात. तसे करू नये. आम्ही दोघी एकमेकींपुढे पोंचो धरून उभ्या राहत होतो आणि दिवसाला चार लिटर पाणी पीत होतो.

२६ ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. झच खिंडीच्या आधी मोठमोठ्या शिळांचा पट्टा आहे, तेथे दोन्ही हात मोकळे लागतात. खिंडीवर धुके होते. वाटाड्याने आम्हाला थांबवून घेतले, आणि वीस मिनिटांनी धुके वर उचलले गेले तेव्हा समोर ५,१४२ मीटर उंचीचे हरमुख शिखर, त्याच्या अंगावर उतरलेली हिमनदी, आणि पायथ्याशी गंगाबल व नुंदकोल ही दोन सरोवरे एकदम दिसली. नुसता खड्डा नव्हे, तो कोरणारा बर्फही समोर होता. हिमनदीच्या तोंडाशी दगडगोट्यांची रास दिसत होती, तो हिमोढ. मी तुकडीतल्या सगळ्यांना तेथे उभे राहून पाठ समजावून सांगितला आणि त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

गंगाबल काश्मिरी पंडितांचे तीर्थस्थान आहे. पूर्वजांच्या अस्थी येथे विसर्जित करण्याची त्यांची जुनी परंपरा आहे. म्हणून काठावर कोणी मोठ्याने बोलू नये असे मला वाटले, आणि सुदैवाने कोणी बोललेही नाही. नणंदेने कानबाईच्या प्रसादाचा शेवटचा तुकडा काढला आणि आम्ही दोघींनी तो तेथे खाल्ला. सासूबाईंसाठी मी लहान बाटलीभर पाणी घेतले.

२७ ऑगस्टला गंगाबल ते नारानाग. साधारण १४ किलोमीटर, आणि सुमारे १,३०० मीटरचा सलग उतार. कागदावर सोपा दिसणारा हा दिवस माझ्या पायांना सर्वांत जड गेला. बुटाचे बंद सैल राहिल्याने दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली. ती ऑक्टोबरमध्ये गळून गेली. उतारापूर्वी नखे कापून, बंद घोट्याशी घट्ट आवळून घ्यावेत. चीड आणि देवदाराच्या रानातून उतरत दुपारी तीनला नारानागला पोहोचलो. तेथे राजा ललितादित्याच्या काळातील, आठव्या शतकातील शिवमंदिरांचे अवशेष आहेत. बहुतेकजण गाडीच्या घाईत ते न पाहता जातात. आम्ही अर्धा तास थांबलो, झऱ्याच्या कुंडात पाय सोडले आणि मग श्रीनगरला निघालो.

एकूण खर्च प्रत्येकी साधारण ४० हजार रुपये झाला. त्यात बुटांचे ४,६०० आणि विम्याचे ४५० रुपये धरले आहेत. विमा घेताना उंचीची मर्यादा वाचून घ्यावी. अनेक साध्या प्रवास विम्यांत गिर्यारोहण वगळलेले असते. बूट दोन महिने आधी घेऊन वापरून मऊ करावेत. काश्मीरमधील मार्ग सुरक्षेच्या कारणाने ऐनवेळी बंद होऊ शकतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी परतफेडीचे नियम लेखी मागून घ्यावेत. प्रवासात मी रोज सकाळ-संध्याकाळ नाडी, ऑक्सिजन, झोप, भूक आणि डोकेदुखी यांची नोंद एका छोट्या वहीत केली. पुण्याच्या त्या मुलाने पुढच्या वर्षी पुन्हा जायचे ठरवले आहे आणि त्या वहीची छायाचित्रे मागवून घेतली आहेत.

३१ ऑगस्टच्या पहाटे आम्ही चाळीसगावला उतरलो. पोळ्याच्या दिवशी सकाळी, बैलांच्या शिंगांना रंग लावून झाल्यावर, सासूबाईंनी ती बाटली मागितली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, झाकण उघडून वास घेतला आणि विचारले, “तठलं पानी गोड शे का?”

मी म्हणाले, “गोड शे, आई.” मग त्यांनी अर्धे पाणी तुळशीला घातले आणि अर्धे बैलांच्या पाण्यात ओतले.